जिभेखालची गोळी आणि घरचं अंथरूण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात मी समुपदेशक आहे. गर्द, दुखण्याच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, इंजेक्शनं यांतून बाहेर पडणारे पुरुष रोज समोर बसतात. पैसा, नोकरी, आईचे दागिने, पोलीस, सगळ्यावर मोकळेपणाने बोलतात. पण अंथरुणातला, म्हणजे लैंगिक संबंधांचा, हा एक विषय निघाला की पंख्याकडे बघायला लागतात. म्हणून शनिवारच्या गटात मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. नाव लिहायचं नाही, चिठ्ठी टाकायची. पहिल्या शनिवारी अकरा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या नऊ याच विषयावरच्या. एक तर पीएमपीएमएल बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलेली, मुंगीएवढ्या अक्षरात.

खालचे प्रश्न त्या डब्यातले आहेत. भाषा थोडी नीट केली आहे, पण फार नाही. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस ठरवणं, बदलणं हे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांचं काम आहे. त्यांच्यासमोर तोंड उघडता यावं एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

‘सर, टायमिंगसाठी चालू केली होती. आता टायमिंगही गेलं आणि पॉवरही गेली. असं कसं?’

हीच ती तिकिटामागची चिठ्ठी. असे तुम्ही एकटे नाही. अफूच्या जातीतली सगळी द्रव्यं, म्हणजे अफू, गर्द, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, वीर्यपतन लांबवतात. ही माहिती नवी नाही. अफूची गोळी घेऊन ‘रात्र मोठी करणं’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ‘कामिनी विद्रावण रस’ या जुन्या योगातही अफू असते. पुष्कळांना ती आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी वाटते आणि तिचीच सवय लागते. हल्लीच्या पोरांच्या बाबतीत तेच काम ट्रामाडॉलने केलं. एखादा मित्र ‘घेऊन बघ’ म्हणतो, पहिले चार-सहा आठवडे खरोखर फरक पडतो. मग एका गोळीने भागत नाही, दोन लागतात. पुढे चार. तोवर सकाळी गोळीशिवाय अंगच उठत नाही आणि अंथरुणातलं कारण मागे पडलेलं असतं. ट्रामाडॉल २०१८ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आलं ते उगाच नव्हे.

पतन लांबतं हा पहिल्या दिवसांचा परिणाम. महिन्या-वर्षांनी इच्छा आणि ताठरता दोन्ही जातात, हा दुसरा. मित्र पहिला सांगतो, दुसरा सांगत नाही. त्याचाही बहुधा अनुभव तिथवर आलेला नसतो, किंवा आलेला असतो आणि लाजेने गिळलेला असतो.

नेमकं बिघडतं काय? मशीनच खराब होतं का?

मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. पेठेतल्या घरात नळाला पाणी येईना म्हणून तुम्ही नळ बदलता, वॉशर बदलता, प्लंबरला शिव्या घालता. पण पर्वतीच्या जलकेंद्रातून, जिथून पेठांना पाणी येतं, पाणीच सुटलेलं नसेल तर? आपल्या शरीरातली पर्वती मेंदूत आहे. हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून निरोप निघतो, तो पिट्युटरी ग्रंथीला पोचतो, तिथून अंडकोषांना, आणि मग टेस्टोस्टेरॉन तयार होतं. अफूच्या जातीची द्रव्यं वरचा निरोपच दाबून टाकतात. खाली अंडकोष धडधाकट असतात, पण त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं. काहींच्यात याच वेळी प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं संप्रेरक वाढतं आणि इच्छा आणखी खाली जाते.

नुसतं अंथरुणात नाही, बाकी ठिकाणीही ते दिसतं. दुपारीच थकवा येतो, चिडचिड होते, दंडाचे स्नायू उतरतात, अचानक घाम फुटतो, वर्षानुवर्षं चाललं तर हाडं ठिसूळ होतात. एका गृहस्थांच्या पत्नीने मला सांगितलं, ‘पूर्वी रोज दाढी करायचे, आता रविवारची रविवार केली तरी चालते.’ त्यांना वाटत होतं नवरा आळशी झाला.

व्यसन सुटल्यावर वरचं पाणी बहुतेकांचं पुन्हा सुटतं. काही आठवडे लागतात, काहींना काही महिने. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, दारू हे जोडीला असतील तर त्यांचा हिशेब वेगळा. नळाकडच्या नळ्या त्यांनी खराब केलेल्या असतात.

टर्कीच्या दिवसांत काही न करता आपोआप गळत होतं. वेड लागायची पाळी आली. आतून काही फुटलंय का?

नाही. इतके दिवस दाबून धरलेली मज्जासंस्था टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, एकदम उसळते. नाक गळतं, डोळे गळतात, जुलाब होतात, अंगावर काटा येतो, तसंच हेही. ताठरता नसतानासुद्धा वीर्य जाऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांत हे निवळतं. व्यसन सोडवायला डॉक्टर देतात ती जिभेखालची गोळी वेळेवर सुरू झाली तर त्याच्याही आधी.

त्यातून ‘एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त’ हे डोक्यात असलं की माणूस घाबरून अर्धा होतो. या भीतीला वैद्यकात नाव आहे, ‘धात सिंड्रोम’. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ते दिलं. वीर्य शरीर रोज तयार करतं. त्याचा रक्ताच्या साठ्याशी संबंध नाही. गळून गेल्याने कोणी झिजत नाही.

रोज जिभेखालची गोळी चालू आहे. याने मी नामर्द होईन का? बंद करून टाकू?

डब्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. म्हणून जरा बसून वाचा.

ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, बहुतेक वेळा नॅलोक्सोनबरोबर, चारास एक या प्रमाणात. नॅलोक्सोन जिभेखाली जवळजवळ शोषलंच जात नाही. कोणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून ते घातलेलं असतं, त्यामुळे त्याचा तुमच्या ‘पॉवर’शी काही संबंध नाही. ब्युप्रेनॉर्फिनही अफूच्याच कुळातलं, हे खरं. पण अफू मेंदूतल्या ज्या कुलुपात बसते त्यात ते अर्धीच किल्ली फिरवतं. म्हणून संप्रेरकांवरचा त्याचा दाब गर्दपेक्षा आणि मेथॅडोन या व्यसनमुक्तीच्या दुसऱ्या औषधापेक्षा कमी असतो. २००५ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिनवरच्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन मेथॅडोनवरच्या पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळलं आणि लैंगिक तक्रारीही कमी होत्या. त्रास अजिबात होत नाही असं मी म्हणणार नाही. काहींना होतो. इच्छा मंदावते किंवा पतनाला फार वेळ लागतो. पण बरेच जण उलटं सांगतात: गोळीवर स्थिरावल्यावर तीन-चार महिन्यांनी पहाटेची ताठरता परत आली.

आता बंद करण्याचं. एकाची गोष्ट तपशील बदलून सांगतो. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं महाबळेश्वरला जाणार होते. याने कोणाला न विचारता चार दिवस आधी गोळी सोडली, तिथे तरी ‘नॉर्मल’ असावं म्हणून. पहिल्या रात्री झोप नाही, दुसऱ्या रात्री पाय झाडत होता. तिसऱ्या दिवशी वाईला उतरून एकटाच पुण्याला आला आणि थेट पुडी आणायला गेला. तो वाचला. सगळे वाचत नाहीत. गोळी सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात मात्र जुनाच डोस भरतो. श्वास थांबतो तो याच गणितामुळे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: अंथरुणातल्या कारणासाठी गोळी परस्पर कमी करू नका, आणि ते कारण डॉक्टरांपासून लपवूही नका. डोस जास्त असेल तर ते हळूहळू खाली आणतील. दुसरं कारण सापडेल. ताठरतेचं औषध जोडता येईल. रस्ते आहेत, पण त्यांना कळलं तर. तुम्ही ‘बाकी सगळं बरंय’ म्हणून उठलात तर त्यांनी काय करायचं?

मेथॅडोन आणि नाल्ट्रेक्सोनचं काय?

मेथॅडोन आपल्याकडे मोजक्या सरकारी केंद्रांतच मिळतं. त्यावर लैंगिक तक्रारी जास्त दिसतात, डोस वाढेल तशा वाढतात.

नाल्ट्रेक्सोन उलट्या जातीचं. ते कुलूपच अडवून बसतं. संप्रेरकं दबत नाहीत, पण सुरुवातीला पतन फार लवकर होऊ शकतं. आणि शेवटच्या डोसानंतर सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे गेल्याशिवाय ते घेतलं तर एका झटक्यात टर्की उठते. जिभेखालच्या गोळीवर असणाऱ्याने मित्राची नाल्ट्रेक्सोन चाखून बघू नये.

आता गोळी सुटली, नशा नाही, पण दोन मिनिटांत होतं. बायको काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

वर्षानुवर्षं औषधाने ओढून धरलेला लगाम सुटला आहे, घोडं उधळणारच. उपचार संपल्यावरचे पहिले काही महिने हे अगदी नेहमीचं. पुन्हा नशेकडे वळण्याचं हे एक मोठं आणि कमी बोललं जाणारं कारण आहे. ‘फक्त शनिवारी एक ट्रामाडॉल’ म्हणून सुरू होतं. शनिवार कधी सोमवारपर्यंत येऊन पोचतो ते कळत नाही.

तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्हीच लावू नका, विचारा. पुष्कळदा तिला वेळेची तक्रार नसतेच. झाल्यावर तुम्ही तोंड फिरवून झोपता, ही तक्रार असते.

उपाय आहेत आणि ते साधे आहेत. ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ ही पद्धत १९५६ पासून शिकवली जाते. अगदी जवळ आल्यासारखं वाटलं की थांबायचं, उसळ ओसरू द्यायची, मग पुन्हा. आधी एकट्याने, मग दोघांनी. चार-सहा आठवडे रेटावं लागतं. कंडोमने संवेदना थोडी कमी होते, तोही फायदा. लिडोकेनचा स्प्रे मिळतो, पण तो डॉक्टरांना विचारून, नाहीतर दोघंही बधिर. डॅपॉक्सेटिन नावाची गोळी हल्ली सर्रास दिली जाते. ती ट्रामाडॉलबरोबर घेतली तर धोका आहे: घाम, थरथर, ताप, छातीत धडधड. दोन्ही खिशात असतील तर डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

जिममधला ट्रेनर म्हणतो टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे, घोडा होशील.

ट्रेनरला डंबेल उचलू द्या.

आधी तपासणी. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. टेस्टोस्टेरॉन दिवसभरात खालीवर होतं, संध्याकाळी पाचला कामावरून परतताना लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच कमी येईल. दोन्ही वेळा साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि सोबत लक्षणंही असतील, तरच पुढचा विचार. बरोबर एलएच (पिट्युटरीकडून अंडकोषांना जाणारा निरोप) आणि प्रोलॅक्टिन बघतात, म्हणजे बिघाड पर्वतीवर आहे की नळापाशी ते कळतं.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणू तयार होणंही जवळजवळ बंद होतं. मूल हवं असलेल्या माणसाला हे इंजेक्शन देणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर विहीर बुजवणं. रक्त घट्ट होणं, प्रोस्टेट यांवरही लक्ष ठेवावं लागतं. गरज असलेल्याला याचा चांगला उपयोग होतो, पण ते संप्रेरकतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आणि इंजेक्शनच्या व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाच्या हातात पुन्हा सुई द्यायची का, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. त्वचेवर लावायचं जेल असतं, त्याबद्दल विचारा.

ताठरतेची गोळी, ती निळी, घेतली तर चालेल का?

सिल्डेनाफिल, टाडालाफिल या जातीची औषधं ब्युप्रेनॉर्फिनबरोबर देतात. त्यांची नशा होत नाही, त्यांचं व्यसन लागत नाही. ही औषधं इच्छा निर्माण करत नाहीत, इच्छा असेल तर रक्तपुरवठ्याला मदत करतात. टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं असेल तर त्यांचा परिणाम फिका पडतो.

तीन ठिकाणी सावध राहा. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, रक्तदाब जीवघेणा घसरतो. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाविर असेल तर डोस खूप कमी लागतो, कारण औषध शरीरात साठून राहतं. आणि पॉपर्स हुंगणाऱ्यांनीही नाही, कारण पॉपर्स म्हणजे नायट्राइट.

पन्नाशीच्या आतल्या माणसाची ताठरता जाते तेव्हा ती कधी कधी हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली वर्दी असते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात. तेव्हा मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात गोळी मागण्याआधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. गर्द सोडली आणि दिवसाला तीन पुड्या तंबाखू चालूच, अशी माणसं मी रोज बघतो.

भिंतीवर ‘गुप्तरोग, मर्दानगी, खात्रीशीर इलाज’ लिहिलेलं असतं, तिथे जाऊन बघू का?

पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे जाताना रुळांकडेच्या भिंती वाचत गेलात तर वाटेल सारं शहर याच रोगाने ग्रासलंय. लैंगिक शक्ती वाढवून देण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जाहिरात दिसली म्हणजे कायदा मोडण्याने सुरुवात करणारा माणूस तिथे बसला आहे, एवढं तरी कळतं. अशा ‘वनस्पतींच्या’ कॅप्सूलांत न सांगता सिल्डेनाफिल घातलेलं सापडलं आहे. तुमच्या बाबतीत भीती त्याहून मोठी, पुडीत अफू निघाली तर? सहा महिने कोरडे राहिलेला माणूस नकळत पुन्हा तिथेच.

झोपेची आणि नैराश्याची गोळीही चालू आहे. तिचा काही संबंध?

हो, आणि हे बऱ्याचदा निसटतं. दोष सगळा जिभेखालच्या गोळीला दिला जातो आणि खरा कारणीभूत दुसराच असतो. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम यांनी पतन लांबतं, इच्छा कमी होते. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढतं. झोपेच्या अल्प्राझोलमसारख्या गोळ्या ब्युप्रेनॉर्फिनबरोबर घेतल्या तर प्रश्न अंथरुणाचा राहतच नाही, श्वासाचा होतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मुळीच नकोत. दारूचंही तेच. मात्र नैराश्य स्वतःच इच्छा मारतं, त्यामुळे औषध फेकून देणं हा उपाय नाही. डॉक्टर बदलून देऊ शकतात, असे पर्याय आहेत.

बायकोला काय सांगू? आठ महिने ‘थकलोय’ म्हणतोय.

तिने आठ महिन्यांत स्वतःची उत्तरं तयार केलेली असणार. बहुतेक जणींचं पहिलं उत्तर ‘बाहेर कोणीतरी आहे’, दुसरं ‘मी आवडत नाही’, तिसरं ‘पुन्हा चालू केलंय’. खरं त्या तिन्हींपेक्षा साधं आहे. ‘औषधामुळे आणि आधीच्या व्यसनामुळे माझं शरीर सध्या साथ देत नाही, डॉक्टरांशी बोलतोय, तू माझ्याबरोबर येशील का?’ एवढं वाक्य पुरतं. दिवा मालवल्यावर नको, चहाच्या वेळी. अंथरुणात काढलेला विषय परीक्षेच्या हॉलमध्ये अभ्यास काढल्यासारखा होतो.

मग काही आठवडे संबंधाचा विषयच बाजूला ठेवा, दोघांच्या संमतीने. जवळ बसणं, पाठ चोळून देणं, तळजाईला फिरायला जाणं. ‘जमेल का’ ही धास्ती गेली की अर्ध्याअधिक जणांना जमायला लागतं. एक जोडपं असं सहा आठवडे पाळणार होतं. तिसऱ्या आठवड्यात येऊन दोघं ओशाळत म्हणाले, ‘सर, नियम मोडला.’ त्यांना मी रागावलो नाही.

(बायकांच्या गटातून आलेली चिठ्ठी) अहो आता नशा करत नाहीत. सगळे म्हणतात, आता तरी त्याला जवळ घे. मला अंगाला हात लागला तरी शिसारी येते. माझंच काही चुकतंय का?

नाही, ताई. व्यसनाच्या वर्षांत ज्या अंथरुणात मार, शिव्या, जबरदस्ती झाली, ते अंथरूण त्याच्या तीन महिन्यांच्या कोरडेपणाने धुऊन निघत नाही. तो सुधारला याचं बक्षीस म्हणून तुमचं शरीर द्यायचं नसतं. सासूबाई, नणंद, आणि खेदाने सांगतो, आमच्यातलेही काही जुने समुपदेशक ‘सांभाळून घे’ म्हणतात. ते चूक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो. महिलांची मदतवाहिनी १८१ आहे.

इच्छा परत येऊ शकते. ती विश्वासाच्या मागून येते, आणि विश्वास पगार वेळेवर घरी आल्याने, फोन उघडा पडून असल्याने, रात्री नऊला घरात असल्याने येतो. येरवड्याला मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तिथे तुमच्यासारख्या बायका आहेत, तुम्हाला पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही.

नवऱ्यांनो, हे उत्तर तुम्हीही वाचलंत असं धरून चालतो.

घरचे लग्न ठरवताहेत. मुलीकडे सांगायचं का?

हो. ‘लग्न केलं की ताळ्यावर येईल’ हा सल्ला ज्यांनी शोधला त्यांच्या मुली त्या घरात दिलेल्या नसतात. गोळी चालू असताना लग्न करता येतं, संसारही होतो. लपवून मात्र नाही. पहिल्या आठवड्यात ती कपाटात पाकीट बघणार, आणि पाकिटावरचं नाव फोनवर टाकायला तिला दहा सेकंद लागतील. कांदेपोह्यांच्या दिवशीच सगळं सांगा असं म्हणत नाही, पण साखरपुड्याआधी, तुम्ही स्वतः, तिला स्वतःला. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या त्याआधी.

मूल होईल ना? गोळीचा बाळावर परिणाम?

होतं. व्यसनाच्या काळात शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही घसरतात. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सुधारलेल्या तब्येतीचा निकाल तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत दिसतो. बाप ब्युप्रेनॉर्फिनवर आहे म्हणून बाळात दोष येतो असं आढळलेलं नाही. तंबाखू सोडलीत तर शुक्राणूंना जास्त उपयोग होईल.

सुई वापरायचो. तपासणीची भीती वाटते.

एकच सुई दोघांनी वापरली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तिन्ही पाहायला हवेत. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत, ससूनमध्येही, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. शेवटच्या धोक्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा करावी, तोवर कंडोम. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांचा बारा आठवड्यांत, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ते उपचार मोफत आहेत. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत मिळते, पत्नीलाही द्या. काल-परवाच सुई टोचून घेतली असेल तर ७२ तासांच्या आत गेल्यास एचआयव्ही रोखणारं औषध मिळू शकतं. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७.

एचआयव्ही निघालाच तरी औषध नीट घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की तो संबंधातून जोडीदाराला जात नाही. हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

माझे संबंध पुरुषांशी आहेत. गटात बोलू शकत नाही.

गटात बोलायची सक्ती नाही. समुपदेशकाशी एकट्याने बोला. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या कलम ३७७ वरच्या निकालानंतर यात कायद्याचं भय उरलेलं नाही. समोरचा नाक मुरडत असेल तर समुपदेशक बदला, उपचार सोडू नका. पॉपर्सबद्दल वर लिहिलंय ते तुमच्यासाठी विशेष.

हस्तमैथुन केलं तर गोळीचा असर उतरतो का?

नाही.

ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटं देतात, मागे रांग असते. कसं सांगू?

कागदावर लिहून न्या आणि पुढे सरकवा. चालू असलेली सगळी औषधं आणि डोस, तक्रार कधीपासून, इच्छा कमी की ताठरता की वेळ, पहाटे ताठरता येते का, तंबाखू-दारू किती, साखर-रक्तदाब आहे का. पहाटे येत असेल आणि जोडीदाराबरोबर येत नसेल तर कारण बरंचसं मनात असतं. डॉक्टरांना या एका ओळीने बरंच कळतं.

नाव फुटेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे आणि व्यसनाचे आजार त्या कायद्यात येतात. कुठे जायचं तेच कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, मोफत.

सकाळपर्यंत थांबू नये असं काय असतं?

ताठरता चार तास उतरली नाही तर. विशेषतः झोपेसाठी ट्रॅझोडोन चालू असेल तर, कारण क्वचित त्याने असं होतं. लाजून बर्फ लावत बसू नका, रात्रीच रुग्णालय गाठा, उशीर झाला तर ताठरता कायमची जाऊ शकते. छातीत दुखलं आणि सिल्डेनाफिल घेतलेलं असेल तर तपासणाऱ्याला ते पहिल्या वाक्यात सांगा. आणि कोणी पुन्हा नशा करून पडला आहे, हाक मारून उठत नाही, श्वास मोजका, ओठ निळे: कुशीवर वळवा, १०८ लावा, काय घेतलं ते खरं सांगा. पोलिसांची भीती नंतर बघू.